रूळ, कालवा आणि जुनी मोटार

जुन्या आगगाड्या, मालवाहू कालवे आणि जुन्या मोटारी जतन करण्याची चळवळ ब्रिटनमध्ये उभी राहिली ती छंदिष्ट माणसांच्या हट्टातून. सरकार पुष्कळ नंतर आले. ही तीन क्षेत्रे वेगवेगळी वाटतात, पण त्यांत वावरणारी माणसे बरीचशी तीच होती. एल. टी. सी. रोल्ट (१९१०–१९७४) या अभियंता-लेखकाच्या आयुष्यात तर मोटार, कालवा आणि रेल्वे एकापाठोपाठ एक येतात. त्यांच्या आत्मचरित्राच्या तीन खंडांत हा सगळा प्रवास आहे, आणि चळवळ समजून घ्यायला त्यापेक्षा चांगली वाट नाही.

रोल्ट यांनी उमेदवारी केली ती स्टोक-ऑन-ट्रेंट इथल्या केर स्टुअर्ट या रेल्वे इंजिने बनवणाऱ्या कारखान्यात. १९३० मध्ये तो कारखाना बंद पडला. पुढे त्यांनी भागीदारीत हॅम्पशायरमध्ये रस्त्याकाठी एक गॅरेज चालवले. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या ‘व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब’च्या सुरुवातीच्या सभासदांचा तो अड्डा बनला. क्लबने मर्यादा घातली १९३० अखेरपर्यंत बनलेल्या गाड्यांची. त्यानंतरच्या मोटारी स्वस्त झाल्या, मात्र कारागिराच्या हातचे काम त्यांत कमी होत गेले, असे या मंडळींचे मत होते. रोल्ट यांची स्वतःची गाडी होती १९२४ सालची अल्व्हिस.

कालव्यांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. महाराष्ट्रातले कालवे शेतीला पाणी देण्यासाठी खणले गेले. ब्रिटनमधले बहुतेक कालवे मालाची ने-आण करण्यासाठी. १७६१ मध्ये ब्रिजवॉटर कालव्यातून कोळसा मँचेस्टरकडे जाऊ लागला आणि देशभर कालवे खणण्याची लाट आली. चढ आला की नाव ‘लॉक’मध्ये घ्यायची. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेला हौद. मागचे दार लावून वरचे पाणी आत सोडले की नाव पाण्याबरोबर वर चढते. मग पुढचे दार उघडून वाट मोकळी. जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने मध्य इंग्लंडमधल्या आपल्या कालव्यांवर लॉकची रुंदी सुमारे ७ फूट ठेवली. खर्च वाचला आणि दर खेपेला लागणारे पाणीही. पण नावेचा आकार त्याच मापाला कायमचा बांधला गेला: रुंदी ७ फुटांच्या आत, लांबी ७० फुटांच्या आसपास, माल साधारण २५ टन. रेल्वे आल्यावर या नावांना मोठे होऊन स्पर्धा करण्याची सोयच उरली नाही. कित्येक कालवे रेल्वे कंपन्यांनीच विकत घेतले आणि हळूहळू गाळाने भरू दिले.

रोल्ट यांच्या एका नातेवाइकांनी ‘क्रेसी’ नावाची, पूर्वी घोड्याने ओढली जाणारी लाकडी मालवाहू नाव घेतली होती आणि तिच्यात वाफेचे इंजिन बसवले होते. पुढे ती रोल्ट यांच्याकडे आली. १९३९ च्या उन्हाळ्यात रोल्ट आणि त्यांची पत्नी अँजेला यांनी तिच्यातच संसार मांडला आणि बॅनबरीहून प्रवास सुरू केला. त्या प्रवासाचे ‘नॅरो बोट’ हे पुस्तक १९४४ मध्ये आले. ते वाचून रॉबर्ट एकमन या लेखकाने पत्र लिहिले, दोघांची भेट झाली आणि १९४६ मध्ये ‘इनलँड वॉटरवेज असोसिएशन’ ही संस्था निघाली.

या संस्थेची ताकद भावनेइतकीच कायद्यात होती. स्ट्रॅटफर्ड कालव्यावर लिफर्ड इथला उघडझाप होणारा पूल काढून रेल्वे कंपनीने युद्धकाळात तिथे लोखंडी पूल पक्का बसवला होता, त्यामुळे वाट बंद झाली. कालव्यावर नाव नेण्याचा हक्क मात्र कायद्याने शाबूत होता. मागणी केल्यास पूल उचलून देऊ, असे आश्वासन संसदेत मिळवण्यात आले. मे १९४७ मध्ये रोल्ट यांनी रीतसर सूचना देऊन ‘क्रेसी’ तिथे नेली. रेल्वेच्या कामगारांना जॅक लावून पूल उचलावा लागला आणि नाव पलीकडे गेली. वापर नसलेला कालवा ‘मेला’ म्हणून बुजवता येतो, वापरात असलेला येत नाही, हे त्या दिवशी सिद्ध झाले. पुढे दोन्ही संस्थापकांचे पटले नाही. मालवाहतूक करणारे कालवे आणि नावेवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुटुंबे आधी वाचवावीत, हा रोल्ट यांचा आग्रह. एकही कालवा सोडायचा नाही, हा एकमन यांचा. १९५१ मध्ये रोल्ट संस्थेबाहेर पडले. कालव्यांच्या जाळ्याचा विचार करता एकमन यांची भूमिका फळली, हे मान्य करावे लागते. नावाड्यांचे जीवन मात्र मालवाहतुकीबरोबर संपले.

तोवर रोल्ट रेल्वेकडे वळले होते. वेल्समधील टॅलिलिन रेल्वे ही पाटीच्या दगडाच्या खाणीसाठी १८६५ मध्ये बांधलेली, जेमतेम १२ किलोमीटरची नॅरोगेज लाइन. आपण हयात असेपर्यंत गाडी चालेल, असा शब्द तिचे मालक सर हेन्री हेडन जोन्स यांनी दिला होता, आणि खाण बंद पडल्यावरही त्यांनी तो पाळला. १९५० मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला लाइन वाचवण्यासाठी बर्मिंगहॅममध्ये सभा भरली आणि १४ मे १९५१ रोजी स्वयंसेवकांनी गाडी सुरू केली. धावू शकेल असे इंजिन एकच होते, १८६६ चे ‘डोलगॉच’. रुळांमधले अंतर २ फूट ३ इंच, म्हणजे दुर्मीळ माप. दुसरीकडचे इंजिन सहसा चालणार नाही. सुदैवाने शेजारची कॉरिस रेल्वे त्याच मापाची होती आणि नुकतीच बंद झाली होती. तिची दोन इंजिने प्रत्येकी २५ पौंडांना मिळाली. स्वयंसेवकांनी वाचवून चालवलेली ही जगातली पहिली रेल्वे.

पुढच्याच वर्षी तिथे गार्डचे काम करायला आलेल्यांत रेव्हरंड ऑड्री होते, ‘थॉमस’ या बोलक्या इंजिनाचे जनक. ते स्वतः मॉडेल रेल्वे बनवत आणि प्रदर्शनांत मांडत. मॉडेल बनवणाऱ्याला गाडीचे माप पाठ असते, म्हणून जतनाच्या कामात असे लोक सहज रुजले.

या छंदातही मापाचा एक जुना पेच आहे. युरोपात चालणाऱ्या एच-ओ मॉडेलमध्ये मूळ गाडीचा १ फूट ३.५ मिलिमीटरमध्ये उतरतो आणि रुळांत १६.५ मिलिमीटर अंतर असते. ब्रिटिश इंजिने मुळातच अंगाने लहान. त्या प्रमाणात त्यांच्या पोटात मोटर मावेना. म्हणून इंजिन ४ मिलिमीटरच्या प्रमाणात वाढवले आणि रूळ होते तेच ठेवले. त्यामुळे ब्रिटिश मॉडेलगाडी आपल्या रुळांवर थोडी जड दिसते: खरे अंतर ४ फूट साडेआठ इंच, मॉडेलचे हिशेबाने ४ फूट दीड इंच.

रुळांच्या भोवतीचा मुलूखही उभा करण्याची दृष्टी जॉन अहर्न यांच्या ‘मॅडर व्हॅली’ या मॉडेल-मांडणीने दिली. ऑस्ट्रेलियातून आलेल्या रॉय इंग्लंड यांनी ती पुढे नेली. ऑक्सफर्डशायरमधली गवती छपरांची घरे बदलत चाललेली पाहून त्यांनी ती मोजून, नोंदवून हुबेहूब छोटी करायला घेतली. त्यातूनच १९५४ मध्ये पेंडन संग्रहालय सुरू झाले. ‘मॅडर व्हॅली’ही आता तिथेच आहे.

सगळेच काही वाचले नाही. स्टॅफर्डशायरमधली लीक अँड मॅनिफोल्ड ही लाइन १९३४ मध्येच बंद झाली, आणि तेव्हा स्वयंसेवकांनी रेल्वे चालवावी ही कल्पनाच नव्हती. या लाइनचे महाराष्ट्राशी थेट नाते आहे. तिचे अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनीच १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू केली होती. तोच २ फूट ६ इंचांचा गेज आणि हलक्या रेल्वेची तीच पद्धत त्यांनी इंग्लंडात नेली. तिथल्या इंजिनांवरचे मोठे दिवेही हिंदुस्थानी वळणाचे होते. आज मॅनिफोल्डच्या खोऱ्यात रुळांच्या जागी पायवाट आहे. जुने फोटो आणि आराखडे जपून राहिले म्हणून तिची मॉडेल्स बनवता येतात.

पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत पोहोचलेली बार्शी लाइनही या शतकाच्या सुरुवातीला ब्रॉडगेज झाली. तिच्यावर नोकरी केलेली, वारीला तिच्या डब्यांतून गेलेली माणसे अजून आहेत. ज्यांच्या घरी तिचे फोटो, तिकिटे, वेळापत्रके किंवा तिच्या कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमधली मोजमापे असतील, त्यांनी ती जपावीत, आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणी वेळीच लिहून घ्याव्यात.