कापसाची प्रत आणि ऋतुमान



मराठीच्या अध्यापकाने कापसावर बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. परंतु इंदूरचे वैभव एके काळी कापडगिरण्यांनी वाढविले आणि कापसाच्या संशोधनासाठी १९२४ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड यांची संस्थाही येथेच उभी राहिली. पिकाचा विचार जमीन आणि पाणी यांपासून तोडून करता येत नाही, हा त्यांचा आग्रह होता.

माझे आजोबा, आईचे वडील, निमाडात कापूस पिकवीत. माझ्या लहानपणी एका वर्षी पाऊस लांबला, पेरा उशिरा झाला. बाजारात व्यापाऱ्याने त्यांचा माल ‘कच्चा’ ठरवून भाव पाडला. वर भेसळीचा आरोपही केला. बियाणे नेहमीचेच होते. आजोबांना पैशापेक्षा तो आरोप लागला.

वस्तुतः कापसाचा एकेक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवर वाढलेली एकच पेशी. फूल उमलल्यापासून सुमारे तीन आठवडे ती लांबते आणि पुढे काही आठवडे आतून सेल्युलोजचे थर बसून भरत जाते. लांबण्याच्या काळात पाण्याचा ताण पडला, तर धागा आखूड राहतो. भरण्याच्या काळात रात्री गारठल्या, तर थर बसणे मंदावते आणि तंतू चपटा, अपक्व राहतो. अशा रुईत बारीक गाठी होतात, त्या रंग धरीत नाहीत आणि रंगविलेल्या कापडावर पांढुरके ठिपके उमटतात. उशिरा पेरलेल्या कापसाची बोंडे नेमकी थंडीत सापडतात. आजोबांचे तेच झाले होते.

सरकीला आपण गाईम्हशींचे खाद्य समजतो. पण तिच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तेल असते. तेही बोंड भरण्याच्या काळातच साठते. तेव्हा पाणी कमी पडले की दाणा पोचट राहतो. हवा थंड असली की तेलातील लिनोलिक आम्ल वाढते. सर्वांत घातक म्हणजे फुटलेल्या बोंडावर पडणारा पाऊस! रुई डागाळते, ओल्या सरकीतील तेलाचे विघटन होऊन मुक्त मेदाम्ले वाढतात, आणि शुद्ध करताना तेल घटते.

हे सारे मी याच ग्रंथालयातील पुस्तकांतून वाचले, तेव्हा आजोबा हयात नव्हते. त्या वर्षानंतर मात्र त्यांनी शेवटच्या वेचणीचा कापूस पहिल्या वेचणीत कधीच मिसळू दिला नाही.