पीठ जुनं होतं, हात नाही

(पहिल्या पिढीतल्या पदवीधरांच्या एका मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला ‘तंत्रज्ञान आणि आपण’ या विषयावर बोलायला सांगितलंय. मी भाकरीवर बोलणार आहे. माझं काम मोबाइल ॲपची रचना करण्याचं, म्हणजे कुठलं बटण कुठं असावं, कुठला शब्द कधी दिसावा, हे ठरवण्याचं. सध्या आम्ही चौघं मिळून पाककृतींचं एक ॲप बनवतोय. ज्यांनी आयुष्यात कधी स्वयंपाक केलेला नाही, त्यांच्यासाठी. त्यातली पहिली मीच.

बावीस वर्षांची होईपर्यंत मला साधा भात येत नव्हता. आईवडील बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीला जायचे आणि मी पाचवीपासून सरकारी वसतिगृहात. ताट मेसमध्ये समोर यायचं. सुट्टीत घरी गेले की माय मला चुलीपाशी फिरकू द्यायची नाही. “तुजं काम पुस्तकाचं,” एवढंच म्हणायची. वस्तीतल्या माझ्या वयाच्या पोरी तेव्हा भाकरी थापत होत्या. मायनं मला त्या कामापासून मुद्दाम लांब ठेवलं, माझ्या वाट्याचंही तिनंच केलं. इथं बसलेल्या कितीतरी जणींचं असंच असणार. मुलगी असून स्वयंपाक येत नाही म्हटल्यावर लोक कसे बघतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. मुलाला येत नसला तर कुणी बघत नाही, आणि आला तर कौतुक होतं.

नोकरी बंगळुरूला लागली. एक खोली, एक शेगडी. पहिल्या पगारात ज्वारीच्या पिठाची पुडी आणली आणि फोनवर पाककृती उघडली. ‘अगदी सोपी, मऊसूत भाकरी, फक्त 10 मिनिटांत.’ थापताना चिरा पडल्या, उचलताना तुकडे झाले. चार वेळा. शेवटी तुकडेच भाजून खाल्ले आणि रडत बसले. भाकरी मोडली म्हणून नाही, ‘अगदी सोपी’ लिहिलं होतं म्हणून. जे सगळ्या जगाला सोपं आहे ते मलाच जमत नाही, असं कॉलेजच्या पहिल्या वर्षी इंग्रजीतून तास सुरू झाले तेव्हाही वाटलं होतं.

मायला फोन लावला. तू काय चुकलीस, असं तिनं विचारलंच नाही. म्हणाली, “पीठ कवाचं हाय?” पुडीवर चार महिन्यांपूर्वीची तारीख होती. “मंग इरी गेलीया त्याची. त्याला तुजा हात काय करंल?”

विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. गव्हात ग्लुटेन असतं, ते कणीक धरून ठेवतं. ज्वारीत ते नसतं. पीठ जुनं झालं की आधीच कमी असलेला चिकटपणा आणखी कमी होतो. मग उपाय एकच. पाणी उकळायचं, त्यात पीठ टाकून ढवळायचं, झाकून ठेवायचं आणि कोमट झाल्यावर चांगलं मळायचं. उकड काढली की पिठातला स्टार्च फुगतो आणि भाकरी धरते. त्या रात्री पाचवी भाकरी जमली. गोल नव्हती, पण अखंड होती.

आमचं ॲप त्या फोनवर उभं आहे. प्रत्येक पायरीखाली ‘बिघडलं?’ असं एक बटण आहे. ते दाबलं की आधी पीठ, पाणी, भांडं, आच यांची चौकशी होते, माणसाची सगळ्यात शेवटी. तूरडाळ शिजत नाहीये? बोअरचं जड पाणी असेल, त्यातल्या क्षारांमुळे डाळ कडक राहते. डाळ जुनी असेल. चिंच किंवा टोमॅटो आधीच घातला असेल, कारण आंबटात डाळ लवकर मऊ होत नाही. भाजी खाली लागली? ढवळू नका, वरची वरची दुसऱ्या भांड्यात काढून घ्या. आमटी खारट झाली? बटाटा टाका म्हणतात, त्यानं फारसं काही होत नाही. पाणी आणि शिजलेली डाळ वाढवा, उद्यालाही होईल.

मग आम्ही शब्द काढायला बसलो. ‘सोपं’, ‘फक्त’, ‘झटपट’, ‘कुणालाही जमेल असं’. हे शब्द लिहिणाऱ्याला धीर वाटतात, पण जमलं नाही की वाचणाऱ्याला टोचतात. मिनिटंही शक्य तिथं काढली. ‘कांदा 5 मिनिटं परता’ म्हणजे कुठल्या शेगडीवर, किती जाड कढईत? त्याऐवजी लिहिलं: कडा तांबूस दिसल्या आणि कच्चा वास गेला की पुढं जा. माय फोनवर असंच सांगते. डोळ्यानं, नाकानं, कानानं. मोहरी तडतडली का, ते तिला फोनवरसुद्धा ऐकू येतं! कपाचं मापही गेलं. घरातली कुठलीही एक वाटी घ्या, तांदूळ एक तर पाणी दोन. आणि खरकट्या हातानं फोन धरणाऱ्यासाठी बटण एवढं मोठं केलं की कोपरानंही दाबता यावं.

एका सहकाऱ्यानं घोषवाक्य सुचवलं, ‘आईच्या हाताची चव’. शब्द गोड आहेत. पण या देशात कुणाच्या हातचं खायचं यावरून काय काय झालंय? 2021 च्या डिसेंबरमध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यातल्या एका सरकारी शाळेत दलित भोजनमातेनं शिजवलेलं अन्न सवर्ण मुलांनी नाकारलं. तिला कामावरून काढलं, बोभाटा झाल्यावर परत घेतलं. माझ्या मायच्या हाताला चव आहे, असं जाहीरपणे म्हणणारे किती जण तिच्या हातचं खातील? ते वाक्य आम्ही घेतलं नाही.

आता माझी चूक सांगते. पहिल्या तीस पदार्थांची यादी मी केली. पोहे, उपमा, वरणभात, साबुदाण्याची खिचडी, पावभाजी. मायला वाचून दाखवली. ती म्हणाली, “ह्यात आपलं काय हाय?” काही नव्हतं. कुणी मला अडवलं नव्हतं. माझ्याच डोक्यात ‘नवशिक्यांचे पदार्थ’ म्हणजे दुसऱ्यांच्या घरचे पदार्थ होते. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ 2015 मध्ये आलं, मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकावर. ते माझ्या कपाटात होतं आणि तरी मी ही यादी केली. मग वजडी आली, रक्ती आली, सुकट आली. वजडी कशी धुवायची, हे लिहायलाच मला आठवडा गेला. मायला त्यात सांगण्यासारखं काय आहे तेच कळेना.

सुकटीवर येऊन मात्र अडकलो. चाचणीला आलेली एक मुलगी पुण्यात भाड्यानं राहते. घरमालकानं आधी आडनाव विचारलं, मग ‘नॉनव्हेज?’ म्हणून विचारलं. ती नाही म्हणाली, कारण तोवर सात खोल्या हातच्या गेल्या होत्या. तिनं आम्हाला एकच मागितलं: कुठल्या पदार्थाचा वास जिन्यात जात नाही, ते ॲपमध्ये कळू दे. सहकारी म्हणाला, “हे तर घरमालकाचं काम आपण करतोय.” त्याचं खरं होतं. पण खोली तिची जाणार होती, त्याची नाही. आणि माझीही नाही. आम्ही ‘वास कमी’ ही खूण केली. सुकटीत तव्यावर भाजायची पायरी काढून टाकली, गरम पाण्यात धुऊन थेट कांद्यात घालायची आणि झाकण ठेवायचं.

मायला तेही वाचून दाखवलं. “भाजल्याबिगर सुकट? मंग खायची कशाला?”

भाजायची पायरी मी परत घातली आणि तिच्याखाली दुसरी वाटही ठेवली. कोण कुठली वाट घेतं, ते ॲपच्या आकड्यांत दिसतं. त्या मुलीनं कुठली घेतली, ते मी अजून बघितलेलं नाही.

जय भीम.