पोर्ट, हायपर आणि आपला ‘परि’

ठाण्याच्या खोपट एसटी स्थानकात गेलात, की महामंडळाच्या इंग्रजी नावातला ‘ट्रान्सपोर्ट’ हा शब्द जरा निरखून पाहा. लॅटिनमध्ये ‘पोर्तारे’ म्हणजे वाहून नेणं, ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे. आत आणलं की इम्पोर्ट, बाहेर धाडलं की एक्स्पोर्ट. आणि बस? ती लॅटिन ‘ओम्निबस’चं शेपूट. अर्थ, सर्वांसाठी. १९४८ पासून गावोगाव धावणाऱ्या एसटीला याहून शोभेसं नाव नाही!

मराठी मुलांना हे उपसर्ग परके वाटायचं कारण नाही. आपल्या परिघातला ‘परि’ आणि पेरिमीटरमधला ग्रीक ‘पेरि’ सख्खी भावंडं. ‘उपरि’ आणि ‘हायपर’, ‘उप’ आणि ‘हायपो’ यांचंही नातं तसंच. संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचा उगम एक असावा, हे विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात १७८६ मध्येच मांडलं होतं.

हायपरग्लायसेमिया म्हणजे रक्तातली साखर वाढलेली, हायपोग्लायसेमिया म्हणजे उतरलेली. शब्द जुळे, उपचार मात्र उलटे.

पण नुसत्या उपसर्गावर विसंबू नका. ‘इनव्हिजिबल’मधला ‘इन’ नकार देतो, टँकरवरच्या ‘इन्फ्लेमेबल’मधला देत नाही. तो माल झटकन पेट घेणारा असतो. इथे अर्थ चुकला तर जिवाशी गाठ.

शिक्षकांनो, पाठांतराला शब्दांची यादी देण्याआधी फळ्यावर एकदा ‘पोर्ट’ लिहा आणि पुढचे शब्द मुलांनाच जोडू द्या.