साक्षीदाराचा पिंजरा

युद्ध संपलें तरी त्याला पोसणारा द्वेष माणसांत उरतोच. माक्स फ्रिश या स्विस नाटककाराचें 'आंडोरा' हें नाटक १९६१ सालीं झुरिच येथें रंगभूमीवर आलें. त्यांतील शिक्षक लोकलज्जेस्तव आपल्या अनौरस मुलाला वांचविलेलें ज्यू पोर म्हणून वाढवितो. गांवकरी त्याच्या प्रत्येक कृतींत ज्यूपण शोधतात; शेवटीं तोही तेंच खरें मानतो आणि परचक्रांत मारला जातो. प्रवेशांच्या मधून मधून एकेक गांवकरी साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत येऊन आपलें निर्दोषत्व सांगतो; दोष पत्करतो तो एकटा धर्मोपदेशक.

सत्य उशिरां सांगणाऱ्या त्या गुरुजींचें पाप, जन्मभर शिक्षकी केलेल्या मला, विशेष बोंचतें. परंतु मुलगा खरोखरच ज्यू असता, तर त्याचा वध क्षम्य ठरला असता काय? पडदा पडल्यावर हा प्रश्न आपल्याच पदरीं उरतो.