जुन्या मोटरसायकलचा जीर्णोद्धार

देवळाचा जीर्णोद्धार करावयाचा झाल्यास लोक प्रथम पाया तपासतात. कळसाला मुलामा देण्याचा विचार मागाहून होतो. जुन्या मोटरसायकलच्या बाबतींत मात्र बहुधा उलटें घडतें. वाड्याच्या पडवींत पोत्याखालीं वर्षानुवर्षें पडलेलें यंत्र बाहेर निघालें कीं पहिल्या पंधरवड्यांतच टाकीला नवा रंग चढतो, सायलेन्सर क्रोमच्या मुलाम्यानें झळकूं लागतात, आणि एखाद्या रविवारीं मालक हौसेनें किक मारतो. यंत्र सुरूही होतें. शेजारीपाजारी कौतुक करतात. खरा धोका सुरू होतो तो येथपासून. आणि तें यंत्र राजदूत ३५० असेल तर विशेषच.

ही गाडी एस्कॉर्ट्‌स कंपनीनें १९८३ सालीं भारतांत आणली. मूळ रचना जपानच्या यामाहा कंपनीची, तिच्या आर. डी. ३५० ह्या गाडीवरून ही बेतलेली होती. दोन सिलिंडरांचें, ३४७ घनसेंटिमीटरचें, टू-स्ट्रोक जातीचें एंजिन, सहा गिअर, आणि सुमारें ३० अश्वशक्ति. त्या काळची ३५० ची बुलेट १८ अश्वशक्तीची होती, एवढें सांगितलें म्हणजे तरुणांना हिचें वेड कां लागलें हें निराळें सांगावयास नको. पुढें २७ अश्वशक्तीची थोडी सौम्य आवृत्तीही निघाली. पण गाडी महाग, पेट्रोलचा खप राक्षसी, आणि १९८५ मध्यें हिरो होंडाची काटकसरी गाडी बाजारांत आलेली. मध्यमवर्गीय कुटुंबानें कोणती निवडावी ह्याविषयीं शंका उरली नाहीं. दशक संपतां संपतां राजदूत ३५० चे दिवसही संपले. आज तिच नाकारलेली गाडी लोक शोधीत फिरतात आणि घरच्या घरीं ती उभी करूं पाहतात. छंद उत्तम आहे. मात्र त्याला थोडी शरीरशास्त्राची जोड हवी.

टू-स्ट्रोक एंजिनाला श्वास दोन ठिकाणीं घ्यावा लागतो. पिस्टन वर जातो तेव्हां त्याच्या खालची, क्रँकशाफ्टची पेटी पेट्रोल व हवा यांचें मिश्रण आंत ओढून घेते. पिस्टन खालीं येतो तेव्हां तेंच मिश्रण दाबलें जाऊन वर सिलिंडरांत चढतें. म्हणजे ही पेटी केवळ आधार नव्हे, तो एक पंप आहे. पंपाला भोक पडलें तर काय होतें, हें सायकलवाल्या मुलालाही ठाऊक असतें. ह्या पेटीच्या दोन्ही टोकांना क्रँकशाफ्टभोंवतीं रबराचीं ऑइल सीलें असतात. गाडी वीस-तीस वर्षें उभी राहिली कीं तें रबर दगडासारखें कडक होतें. उजवें सील गेलें तर गिअरपेटींतलें तेल एंजिनांत ओढलें जातें व पांढऱ्या धुराचे लोट निघतात. ही निदान बोंब मारणारी व्याधि आहे. डाव्या बाजूचें सील मात्र मुकाट्यानें घात करतें. तेथून नुसती हवा आंत शिरते, मिश्रणांत पेट्रोलचें प्रमाण घटतें, पिस्टन भलताच तापतो, फुगतो, आणि सिलिंडरांत घट्ट अडकून बसतो. पुण्याहून मुंबईला निघालेल्या स्वाराच्या गाडीचें असें भर वेगांत झालें तर मागचें चाक क्षणार्धांत जागच्या जागीं थिजतें. मग टाकीवरचा रंग कितीही सुंदर असो!

सुदैवानें हा दोष घरींच पकडतां येतो व त्याला सायकलचा पंप पुरतो. कार्बुरेटर व सायलेन्सर काढून त्यांचीं तोंडें रबरी बुचांनीं घट्ट बंद करावीं, एका बुचांत झडपेची नळी बसवावी, आणि मोजणीची तबकडी लावून दर चौरस इंचास सुमारें ६ पौंड एवढाच दाब हळूहळू भरावा. ह्याहून अधिक दाब देऊं नये. उत्साहानें चांगलें सीलही जागचें सुटतें. कांटा कांहीं मिनिटें ठाम राहिला तर ठीक. घसरूं लागला तर साबणाचें पाणी लावून बुडबुडे कोठें येतात तें पाहावें. दोन सिलिंडरांच्या पेट्या स्वतंत्र असल्यामुळें ही परीक्षा दोहोंची निरनिराळी घ्यावी लागते. अर्ध्या तासाचें हें काम टाळून लोक महिनाभर कार्बुरेटरशीं झगडत बसतात.

सीलें बदलण्यासाठीं एंजिन उकलावें लागतें, आणि तेथें घरच्या हत्यारांची सीमा येते. ह्या गाडीचा क्रँकशाफ्ट अखंड नसून दाबून जोडलेल्या तुकड्यांचा आहे. तो उकलणें व पुन्हां सरळ रेषेंत बसविणें हें मोठ्या प्रेसचें आणि अनुभवी हाताचें काम. हातोडीनें केलेला प्रयोग मुळींच चालावयाचा नाहीं. सिलिंडर बोअर करणेंही लेथवाल्याकडेच. मालकानें त्याला नवा पिस्टन आधीं द्यावा, म्हणजे तो पिस्टनच्या मापाला सिलिंडर कापील. आधीं सिलिंडर कापून मग पिस्टन शोधणें म्हणजे आधीं अंगरखा शिवून मग त्यांत मावणारा मनुष्य शोधण्यासारखें आहे.

घरीं करण्याजोगीं कामेंही थोडीं नाहींत. कार्बुरेटरमागच्या झडपांच्या पातळ पोलादी पात्या उजेडाकडे धरून पाहाव्या. चीर पडलेली पाती तुटली तर तुकडा थेट एंजिनांत जातो. वंगणाचें तेल हा यांत्रिक पंप स्वतंत्र टांकींतून ओढतो. नळींत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पिस्टन कोरडा पडतो, म्हणून पंपांतील हवा काढीपर्यंत पेट्रोलांतही थोडें तेल मिसळून ठेवणें शहाणपणाचें.

पेट्रोलच्या टाकीचा गंज काढण्यासाठीं धुण्याच्या सोड्याचें पाणी व बॅटरीचा चार्जर उपयोगी पडतो. लोखंडी सळई टाकीच्या पत्र्याला न टेकेल अशी आंत लोंबती ठेवून तिला धन टोक जोडावें, टाकीला ऋण. पेट्रोलचा वास पूर्णपणें गेल्याखेरीज हें करूं नये. काम उघड्यावर करावें, कारण हायड्रोजन वायु निघतो. सळई स्टेनलेस पोलादाची घेऊं नये. तिच्यामुळें पाण्यांत विषारी क्रोमियम उतरतें. शिवाय आजच्या पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें ओलावा ओढून घेतें व जुन्या रबरी नळ्या फुगवितें. त्या सर्व नव्या घ्याव्या.

सुट्या भागांचा प्रश्न मोठा गमतीचा. पुण्याच्या जुन्या बाजारांत किंवा मुंबईच्या चोरबाजारांत एखादा अस्सल भाग मिळून जातो, आर. डी. ३५० परदेशांत पुष्कळ खपल्यामुळें कित्येक भाग तिकडूनही मागवितां येतात. पण नवें मिळालें म्हणून जुनें फेकूं नये. घासून, धुवून जो नटबोल्ट पुन्हां बसतो तो कारखान्यांतून त्याच गाडीबरोबर निघालेला असतो. नव्या चकचकीत नटाला ती योग्यता नाहीं. ब्रेक मात्र ह्या भक्तीला अपवाद. जपानी गाडीच्या पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक होता. भारतीय गाडीला ड्रम दिला गेला, आणि तिच्या वेगाच्या मानानें तो अपुरा ठरला. ज्यास रोज रस्त्यावर जावयाचें आहे त्यानें डिस्क बसवावा, फ्रेमला करवत न लावतां बसवावा, आणि मूळ ड्रम तेलाच्या फडक्यांत गुंडाळून फळीवर ठेवावा. पुढील मालकाला निवड करण्याचा हक्क उरला पाहिजे.

सौदा करण्यापूर्वीं एंजिनाचा व सांगाड्याचा क्रमांक नोंदणीपत्राशीं ताडून पाहावा. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढें पांच-पांच वर्षांनीं नूतनीकरण. २०२१ मध्यें केंद्र सरकारनें जुन्या वाहनांसाठीं निराळी नोंदणी ठरविली खरी, पण ती पन्नास वर्षांवरील वाहनांची; राजदूत ३५० ला २०३३ पर्यंत वाट पाहावी लागेल.

एंजिन जुळलें, सुरू झालें, तरी मालकानें पहिल्याच दिवशीं गाडी पिटाळूं नये. पांच-दहा मिनिटें चालवावी, पूर्ण गार होऊं द्यावी, मग सिलिंडरच्या डोक्याचे नट ठराविक क्रमानें पुन्हां आवळावे. पहिले कांहीं शें किलोमीटर अर्ध्याच मुठीवर काढावे आणि अधूनमधून दोन्ही प्लग उघडून पाहावे. टोक काळें व ओलें असेल तर पेट्रोल जादा होत आहे. पांढरें पडलें असेल तर तेथेंच थांबून सायकलचा पंप पुन्हां बाहेर काढावा. भाजलेल्या कॉफीच्या दाण्यासारखा तपकिरी रंग दोहोंवर सारखा दिसला, म्हणजे गाडी घाट चढावयास तयार झाली.