अंगावर महिनाभराचा कचरा

आज रॉब ग्रीनफील्डबद्दल बोलायचंय. 2016 मध्ये हा पठ्ठ्या न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर महिनाभर स्वतःचा कचरा अंगावर घालून फिरला. कप, पिशव्या, खोकी, सगळं पारदर्शक खिशांच्या खास सूटमध्ये. एरवी तो अगदी कमी कचरा करून जगतो. पण त्या 30 दिवसांत त्याने मुद्दाम सरासरी अमेरिकन माणसासारखी खरेदी केली, खाल्लं-प्यायलं. ती सरासरी म्हणजे माणशी रोज साधारण 2 किलो कचरा!

मी सॉफ्टवेअरवाला. स्क्रीनवरचा 2 किलोचा आकडा मी स्क्रोल करून पुढे जातो. तोच अंगावर चढला की दारातून जाताना अडतो, बसताना टोचतो. म्हणून मीही आठवडाभर फक्त डिलिव्हरीची खोकी फेकली नाहीत. बाल्कनीचं दार उघडेना.

एक मात्र खटकतं. रिकामा कप सूटमध्ये दिसतो. त्यासाठी तुटलेलं झाड, लागलेलं पाणी कुठल्या खिशात घालणार?

आणि रॉबला बघून लोक थांबायचे, विचारायचे. आमच्या पुण्यात 'स्वच्छ'च्या कचरावेचक ताई रोज अख्ख्या सोसायटीचा कचरा उचलतात, हाताने निवडतात. दुसऱ्यांचा! त्यांच्यासाठी कोण थांबतं?

आमच्या मजल्यावर येणाऱ्या ताईंना मी रॉबचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी नीट बघितला आणि विचारलं, "ओला-सुका वेगळा केला होता का त्याने?"