पाचटाचा धूर जातो कुठं?



ऊस तुटून गेला की वडगावच्या शिवारात संध्याकाळी पाचट पेटतं. आमच्या गटातल्या आम्ही साऱ्याजणी वर्षानुवर्षं तेच करत आलो. खोडव्याला पाणी द्यायची घाई, माणूस मिळत नाही, मग लावा काडी! धूर दिसेनासा झाला की संपला, असं वाटायचं.

तो संपत नाही. पाचटातलं नत्र जळून नायट्रोजन ऑक्साइड वायू होतात. महामार्गावरच्या गाड्याही तेच सोडतात. उन्हात या वायूंची धुरातल्या आणि झाडापानांतल्या वाफांशी गाठ पडते आणि सेंद्रिय नायट्रेटं तयार होतात. नावात ‘सेंद्रिय’ आहे म्हणून खत समजू नका हं, इथं त्याचा अर्थ कार्बन असलेलं एवढाच.

त्यातलं एक म्हणजे पॅन. लॉस एंजेलिसच्या धुरक्यात १९५० च्या दशकात ते सापडलं. डोळे चुरचुरायला लावणारं. गारव्यात ते कित्येक दिवस टिकतं, वाऱ्याबरोबर लांब जातं आणि ऊबदार हवेत तासाभरात फुटतं. फुटलं की कोंडलेला वायू मोकळा होतो, उन्हात ओझोन बनतो. उंच आभाळातला ओझोन आपलं रक्षण करतो, पण जमिनीलगतचा छातीला त्रास देतो आणि गव्हाचं उत्पन्न घटवतो. म्हणजे एकीचं पाचट, दुसरीचा गहू.

हे मोजतात कसं? लोणी कढवताना आधी पाणी तडतडतं, मग बेरी लाल होते. तसंच हवा तापलेल्या नळीतून नेतात. दोनशे अंशांच्या आसपास पॅन फुटतं, बाकीची नायट्रेटं साडेतीनशेच्या पुढं. सुटलेला वायू लेसरच्या उजेडात मोजतात. अमेरिकेतल्या बर्कलीच्या शास्त्रज्ञांनी २००२ साली ही रीत मांडली.

आता हिशेब बघा. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं, टनाला चार-पाच किलो नत्र. युरियाची गोणी उधारीवर आणायची आणि घरचं नत्र जाळायचं!

गेल्या हंगामात आम्ही पाचट एक सरी आड दाबलं. टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि किलोभर जिवाणू कल्चर टाकलं. उंदीर होतील म्हणून सासूबाई कुरकुरल्या, पण पाण्याची एक पाळी वाचली तेव्हा गप्प झाल्या.

या आठवड्यात जिचा ऊस तुटतोय, तिनं काडी लावायच्या आधी निरोप धाडावा. आम्ही चौघीजणी खुरपी घेऊन येतो.